दहावीचे दोन फॉर्म

३ ऑगस्ट २०२५, रविवार

भूपेंद्र सर म्हणाले, रोज एक पान लिहा. काय वाटेल ते लिहा, हात बसेल. मराठीच्या पेपरात अर्धं काम हातच करतो. म्हणून ही वही. पन्नासाव्या वर्षी मला कोणी गृहपाठ देईल असं वाटलं नव्हतं.

सुरुवात कशी करतात माहीत नाही. मी गुलाब मेश्राम, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी. वरठीला स्टेशनजवळ मोटारसायकल स्टँड आहे, तिथे मी बावीस वर्षं बसतो. लोक गाड्या लावून रेल्वेनं कामाला जातात. मी नंबर लिहितो, बिल्ला देतो. संध्याकाळी बिल्ला घेतो, गाडी देतो. मधल्या वेळात त्यांनी वाचून टाकलेले पेपर वाचतो.

भानगड अशी आहे. माझी बायको रत्नमाला गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे, सतरा वर्षांपासून. तिथल्या सेविका जनाबाई येत्या जूनमध्ये निवृत्त होतात. ऑफिसातल्या मॅडमनी हिला सांगितलं, दहावीचा कागद आण, म्हणजे तुझं नाव पुढे करता येईल. नाहीतर बाहेरची कोणी येईल आणि ही तिच्या हाताखाली खिचडी ढवळत राहील. रत्नमालाची दहावी राहून गेली. परीक्षेला दोन महिने असताना आमचं लग्न झालं.

आता हिला बाहेरून परीक्षेला बसायचं आहे. सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात त्याला. दर रविवारी हायस्कुलात भूपेंद्र सर शिकवणार. इथपर्यंत ठीक. पण एकटी जाणार नाही म्हणते. आज सरांच्या समोरच म्हणाली, "तुमी बी चला माह्या संग."

"मी कायले? माही दहावी झाली हाये."

"मंग तुमी बारावीले बसा. मी एका बाकावर, तुमी दुसऱ्या. नाई तं मी बी नाई जात."

सर हसले, मीही हसलो. ती हसली नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

या वहीत तरी खोटं लिहिण्यात अर्थ नाही. माझी दहावी झालेली नाही. आठवीत नापास झालो, पुन्हा आठवीत बसलो आणि दिवाळीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पेपर वाचून वाचून माझी भाषा दहावी पास झाली, मी नाही झालो.

खोटं मी सुरू केलं नव्हतं. मुलगी पाहायला बपेऱ्याला गेलो तेव्हा भैय्याजी मामा सोबत होता. रत्नमालाचे वडील तिथल्या शाळेत शिपाई. शिक्षण म्हटलं की हात जोडणारा माणूस. त्यांनी विचारलं, पोरगा किती शिकला? मामा चहाचा घोट घेऊन म्हणाला, "दहावी पास हाये." मी बशीकडे पाहत राहिलो. माझं पाप म्हणाल तर एवढंच.

पण पुढे गप्प राहणं हेच एक काम होऊन बसलं. लग्नानंतर हिनं मार्कलिस्ट पाहायला मागितली, तर सांगितलं, वाळवीनं खाल्ली. वस्तीतल्या लोकांनी शिकलेला माणूस म्हणून विहाराच्या समितीत मला सचिव केलं. मुलगी रीना गणितात चुकली की मी तिला म्हणायचो, दहावी पास बापाची पोरगी आहेस, लाज ठेव. ती आता नागपूरला नर्स आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, खरं आहे, पण सव्वीस वर्षं झाकून ठेवली की हात दुखतो.

बारावीच्या फॉर्मला दहावीची मार्कलिस्ट जोडावी लागते. कुठून आणू?

१० ऑगस्ट, रविवार

रत्नमाला सरांकडून फॉर्मचे कागद घेऊन आली. आपण कागदावर भरून द्यायचं, सर कॉम्प्युटरवर चढवतात. दोन कागद होते. पाहतो तर दोन्ही दहावीचेच.

मला हसू आवरेना. "अवं येडे, दोन्ही दहावीचेच आणले! माहा बारावीचा कुठं हाये?"

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू द्या. तुमी बी दहावीचाच भरा. इतके साल झाले, सारं विसरले असान. नव्यानं केली तं काय बिघडते?"

"पास झालेला मानूस पुन्हा कायले बसन? लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले कोन सांगून राहिलं जी? सर कोनापाशी बोलत नाई. मी बी नाई बोलत."

शिकायची एवढी हौस आणि साधा फॉर्म नीट मागून आणता येत नाही. उद्या बदलून आण म्हटलं. तिनं कागदांची घडी करून आपल्या पेटीत ठेवली.

१७ ऑगस्ट, रविवार

वर्षावास सुरू आहे. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचते रत्नमाला. ती वाचायला लागली की लहान पोरंसुद्धा चुळबुळ करत नाहीत. मी सचिव, म्हणजे हजेरी लिहितो आणि पंखा चालू-बंद करतो.

आज वाचन झाल्यावर वस्तीतल्या आनंदाबाई म्हणाल्या, "गुलाब, तुही बायको मास्तरीन व्हाले पाह्यजे होती. कोनं अडवलं रे इले?"

सगळे हसले. मला हिचा राग आला. तिनं काहीच केलं नव्हतं, तरी आला. घरी येताना मी दहा पावलं पुढे चालत होतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. हिचा दाखला आणायला आज बपेऱ्याला जाऊन आलो. तुमसरच्या पुढे रस्ता खराब, धानाच्या बांध्या दोन्हीकडे भरलेल्या, रोवणी आटोपलेली. पोचेपर्यंत कंबर मोडली.

शाळेतला बाबू निवृत्तीला टेकलेला. त्यानं हिच्या वडिलांचं नाव ऐकलं आणि खुर्चीच दिली. रजिस्टर काढलं, दाखला लिहिला, मग टोपण लावत म्हणाला, "तुमच्या सासऱ्यानं पोरीचा परीक्षेचा फारम भरून ठेवला होता, तुमाले माहीत हाये का? हॉल तिकीट आलं होतं. त्यानंच शाळेच्या कपाटात ठेवलं, पोरगी येईन म्हनून. कोनी आलं नाई. दोन महिने थांबले असते तं काय झालं असतं जी?"

मी म्हटलं, आईचा हात मोडला होता, घरी बाई माणूस पाहिजे होती. खरंच मोडला होता.

दाखला बाहेर येऊन वाचला. प्रगती: उत्तम. वर्तणूक: उत्तम. शाळा सोडल्याची तारीख: ४ जानेवारी १९९९. शाळा सोडण्याचे कारण: लग्न. तेव्हा ती अठराची होती. शाळेत उशिरा घातली होती तिला. सही-शिक्का सगळं ठीक.

परत येताना वरठीला गेलो. दाखला स्टँडच्या जुन्या रजिस्टरात ठेवला. दहा मिनिटं विचार केला असेल. ती म्हणते दोघं जाऊ, नाहीतर कोणीच नाही. दाखलाच नसेल तर कोणीच नाही. कोणाला काही दाखवायचं उरत नाही आणि मूठ झाकलेली राहते.

घरी ती सुपात तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, "शाळेतलं जुनं रेकॉर्ड गेलं. वाळवीनं खाल्लं."

तिचा हात थांबला. "वाळवीनं?"

"हाव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "लय शिकली हाये जी हे वाळवी. कागदच खाते." आणि पुन्हा निवडायला लागली.

मी हसलो. हिला कधी कधी चांगलं सुचतं.

७ सप्टेंबर, रविवार

सर म्हणतात, शाळेला अर्ज दिला तर दुसरा मार्ग निघतो. एकतीस ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. मी हिला म्हटलं, बपेरा तुझं माहेर, तूच एकदा जाऊन ये. बस आहे, भाऊ आहे तिथे.

"नाई," म्हणाली. "तुमच्याच हातून यावं लागते तो दाखला."

काय म्हणावं? विहारात पन्नास माणसांसमोर वाचते आणि एकटी बसमध्ये बसायला घाबरते. बाईची जात. मी बघतो म्हणालो.

आई ओसरीवर ऐकत होती. आईचं, पार्वताबाईचं, वय अठ्ठ्याहत्तर. कान पक्के, पण डोकं कधी आहे, कधी नाही. मी तिला सहज म्हटलं, "बाई, तुहा हात मोडला म्हनून हे सारं झालं. नाई तं इची परीक्षा झाली असती."

आई म्हणाली, "माहा हात? माहा हात तं लग्नाच्या मांडवात मोडला रे. पानी वाहता वाहता पडली मी. लग्नाची घाई तं तुनं केली. 'जानेवारीत होत असन तं करा, नाई तं मले हे लग्नच नोको,' म्हनला होता. मी म्हनली, पोरीची परीक्षा होऊ दे. तं तू जेवला नाई दोन रोज."

रत्नमाला आत चुलीशी होती. मी मोठ्यानं म्हटलं, बाई, तुले आता काही आठवत नाई. म्हातारीचं खरंच काही ठिकाणावर राहिलेलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस झाले, तेच डोक्यात आहे.

जेवलो नव्हतो. सासऱ्यांनी भैय्याजी मामाला निरोप दिला होता की उन्हाळ्यात मुलाची सनद पाहून साखरपुडा करू. पाहायची म्हणजे ते मागणारच. मला वाटलं, लग्न उरकलं की कोण पाहतो. उरकलं आणि कोणी पाहिलं नाही. हिचे परीक्षेआधीचे दोन महिने मात्र माझ्या भीतीनं खाल्ले. आणि मी इतकी वर्षं ते आईच्या हातावर ढकललं, इतकं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. रोज सकाळी त्यापुढे उभा राहून मगच कामाला निघायची आमच्या घरची रीत. आज चप्पल घालून तसाच निघालो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दीक्षाभूमीला जाऊन आलो. रीना तिथेच भेटली. गर्दीत मायलेकी पुस्तकांच्या दुकानापुढे तासभर उभ्या होत्या. हिनं दोन पेनं घेतली आणि दोन कंपास पेट्या. मी म्हटलं, दोन कशाला? म्हणाली, दोघाईले. दाखल्याचा पत्ता नाही आणि कंपास पेटी घेऊन बसली आहे.

रीना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आईसंग जा नं तुमी शाळेत. ते तुमच्यासाठीच थांबली हाये."

"मले का शिकाचं हाये आता?"

रीना काहीतरी बोलणार होती. आईकडे पाहिलं आणि गप्प बसली. आजकालची पोरं अर्धं बोलतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

जनाबाई घरी येऊन गेल्या. त्यांच्या जागेसाठी मोनाचं नाव चाललं आहे. मोना म्हणजे पलीकडच्या आळीतली सून, बारावी पास, चोवीस वर्षांची. जनाबाई हिला म्हणाल्या, "पोरी, तू यावर्षी नाई बसली तं गेलंच समज. मंग मी काही करू शकत नाई."

त्या गेल्यावर रत्नमालानं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काल दाखला शर्टाच्या खिशात घालून घरी आणला होता. सांगायचं, मिळाला, दुसऱ्या रजिस्टरात सापडला. एवढंच वाक्य. ओठावर आणलं. मग वाटलं, दाखला दिला की ती म्हणणार, आता तुमचा फॉर्म. आणि माझी सनद. सकाळी दाखला परत वरठीला नेला. आंधळगाव ते वरठी, कागदाला रोज फिरवून आणतो आहे.

जीव नको झाला आहे. हे कोणाला सांगू? जिला सांगायचं तीच यात अडकलेली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी निघताना ती म्हणाली, "आज आखरीचा दिवस हाये. पाच वाजेपावतो सर शाळेत बसतीन. मी चार वाजेपासून फाटकापाशी उभी राहीन. तुमी या."

"दाखला नाई तं मी येऊन काय करू?"

"तुमी या. बाकीचं मी पाहतो."

मी हाव म्हणालो.

तीन वाजता स्टँड दुसऱ्यावर सोपवून निघता येत होतं. गाडी काढलीसुद्धा. मोहाडीपर्यंत आलो. तिथे चहाच्या टपरीवर थांबलो आणि एक चहा तासभर प्यायलो. चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजले. पाच वाजता मी उठलो आणि घरी आलो.

ती धुतलेल्या निळ्या लुगड्यात दारात बसली होती. पायात अजून चप्पल होती.

"एका मानसाचा बिल्ला हरपला होता," मी म्हणालो. "तेच्यातच टाइम गेला."

"आनखी काही सांगाचं हाये का?" तिनं विचारलं.

"नाई."

तिनं चप्पल काढली, आत गेली, स्वयंपाकाला लागली. वांग्याची भाजी केली होती. मीठ बरोबर होतं.

२ नोव्हेंबर, रविवार

सुटलो असं वाटायला पाहिजे होतं. काहीच वाटत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरात सगळं ठीक आहे. बोलते, जेवायला वाढते, आईचे पाय चोळते, धान कापणीला भावकीच्या शेतात जाऊन येते. पण पूर्वी मी पेपर घरी आणला की विचारायची, काय लिहिलं आहे? आता पेपर चुलीच्या कामी येतो. समितीच्या बैठकीला वाचनासाठी बोलावलं तर म्हणाली, डोळे दुखतात. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू म्हटलं, तर म्हणाली, राहू द्या, डोळ्याईले सारं दिसते.

मी या वहीत लिहीत राहतो. सरांनी सांगितलं होतं म्हणून नव्हे. दुसरं बोलायला कोणी नाही.

११ जानेवारी २०२६, रविवार

आईचं आधार कार्ड पाहिजे होतं. रत्नमाला विहिरीवर होती. तिची पेटी उघडली. रीनाचे लहानपणचे कपडे, सासऱ्यांचा फोटो, दोन्ही कंपास पेट्या, न उघडलेल्या. त्यांच्याखाली दोन फॉर्म.

दोन्ही भरलेले, तिच्या अक्षरात. पहिला तिचा. दुसऱ्यावर माझं नाव: गुलाब दशरथ मेश्राम. शेवटची उत्तीर्ण इयत्ता: सातवी.

खाली टाचणीनं माझा शाळा सोडल्याचा दाखला लावला होता. आमच्याच गावच्या शाळेचा, ८ ऑगस्टला काढलेला. आठवी अनुत्तीर्ण. कारण: सतत गैरहजर. म्हणजे तिनं दोन दहावीचे फॉर्म आणले, मी तिला वेडी म्हणालो, त्याच्या दोन दिवस आधीच तिनं हा कागद आणून ठेवला होता. ती माझा दाखला आणून वाट पाहत होती आणि मी तिचा दाखला लपवून फिरत होतो.

अर्जदाराची सही, ही जागा तेवढी कोरी होती.

ती पाण्याचा गुंड घेऊन आत आली. कागद माझ्या हातात पाहिले. गुंड खाली ठेवला, पदरानं हात पुसले.

"कवापासून माहीत हाये तुले?"

"रीना पोटात होती तवापासून. दवाखान्यात तुमच्या शाळेचे घनश्याम गुरुजी भेटले होते. म्हनले, गुलाब आठवीतून पळाला, पन पोरगा हुशार होता."

"मंग बोलली काहून नाई? भांडली काहून नाई?"

"भांडून का दहावी भेटते जी?" आवाज चढला नाही तिचा. "अन् बाबाले काय सांगू? जवाई दहावी पास हाये म्हनून तेनं साऱ्या गावाले सांगतलं होतं. मी म्हनली, कवा तं हे मानूस आपल्या तोंडानं सांगन. सव्वीस साल वाट पाहिली. मंग मीच दरवाजा खोलून देला. दोन्ही फारम दहावीचे आणले. तुमी हासले."

मी खाली बसलो.

"माहा दाखला बी तुमच्यापाशीच हाये," ती म्हणाली. "बपेऱ्याच्या बाबूनं दुसऱ्याच दिवशी भावाले सांगतलं, जवाई घेऊन गेले म्हनून. भावानं मले फोन केला."

"मंग दुसरा आणाचा होता. तुह्याजवळ वेळ होता."

"दाखला आणाले मी कवाबी गेली असती. मले पाहाचं होतं, तुमी देता का नाई. त्या दिवशी फाटकापाशी मी का सरासाठी उभी होती?"

मी सांगितलं, सगळ्यांना सांगून टाकतो. विहारात उभा राहून सांगतो, रीनाला सांगतो, सचिवपद सोडतो.

"रीनाले माहीत हाये. बाकीच्याईले सांगा. तुमचं मन हलकं होईन." मग म्हणाली, "माहं काय?"

"पुढच्या ऑगस्टात दोघं भरू फॉर्म. मी पहिला सही करतो. आत्ता करतो."

"जूनमंदी जनाबाई जाते. मंग ऑगस्ट घेऊन मी काय करू?"

दाखला डिसेंबरपासून याच वहीत ठेवला होता. उठलो, काढला, तिच्या हातात दिला. तिनं दारातल्या उजेडात जाऊन तो वाचला. सावकाश, विहारात वाचायची तसा, पण मोठ्यानं नाही. कोणत्या ओळीवर आहे ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शेवटच्या ओळीवर थांबली. मग घडी जशी होती तशी घातली आणि कागद मला परत दिला.

"ठेवा तुमच्यापाशीच," म्हणाली. "इतके दिवस सांभाळलाच हाये."

१८ जानेवारी, रविवार

विहारात सांगितलं. मग आनंदाबाई म्हणाल्या, "जाऊ दे बाबू, पोटापाण्याच्या मागं कोनाची शाळा झाली?" कोणीतरी हसलं, कोणीतरी म्हणालं, सचिव तूच राहा, अक्षर चांगलं आहे. चहा झाला. मला वाटलं होतं छपर कोसळेल. एवढ्याचसाठी होतं तर सगळं. एक चहा.

रत्नमाला मागे बसली होती. चहा न घेता निघून गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज दहावीचा पहिला पेपर, मराठीचा. अकरा वाजता.

अर्धा दिवस सुटी काढली आणि साडेदहाला अंगणवाडीपुढे जाऊन उभा राहिलो. दाखला खिशात होता. का गेलो, काय बोलणार होतो, माहीत नाही. फाटक उघडंच असतं, पण आत जायचं धैर्य झालं नाही.

जनाबाईंनी मोनाला काम पाहायला आतापासूनच बोलावलं आहे. मोना टेबलाशी बसून रजिस्टर लिहीत होती. कुठेतरी अडली. रत्नमालाला हाक मारली. हिनं खिचडीचा हात पदराला पुसला, वाकून पाहिलं, बोट ठेवून सांगितलं. मोनानं लिहिलं. ही परत पातेल्याकडे गेली.

अकरा वाजले तेव्हा ती पोरांना ओळीत बसवत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिनं एकदा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिशाला हात लावला. तिनं वाढायला घेतलं.

त्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी ती चार ते पाच उभी होती, म्हणून मीही अकरा ते बारा उभा राहिलो. ऊन होतं. ती बाहेर आली नाही. बारा वाजता गाडीला किक मारली आणि वरठीला जाऊन दुपारच्या गाड्यांचे नंबर लिहिले.